फिरणारा लोडर का थबकतो, आणि त्याने कधी थांबावं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. वडिलांचं सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान आहे. हळद आणि बेदाण्याचे भाव शेतकऱ्यांना फोनवर दिसावेत म्हणून तुम्ही एक पान बनवलंय. भाव गूगल शीटमधून येतात, आणि ते येईपर्यंत गोल फिरणारा लोडर हवा. आधी गिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, लावलीत, तिच्या कडा खरखरीत दिसल्या. मग जावास्क्रिप्टने, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडने, चाक फिरवलंत, ते मध्येच थबकतं. घरच्या वायफायवर लोडर नुसता लुकलुकून जातो, आणि जतकडच्या एका शेतकऱ्याने सांगितलं की त्याच्या फोनवर तो फिरतच राहतो. म्हणून तुम्ही विचारताय की चांगला लोडर कसा बनवायचा.

यात चार वेगळे प्रश्न आहेत आणि चाक काढण्याचा त्यातला एकच आहे. मी सांगलीतल्या विश्रामबागेत बसून गेली बारा-तेरा वर्षं पतसंस्था, दवाखाने, बेदाण्याचे व्यापारी यांची पानं बनवतो. चाक काढायला दहा मिनिटं पुरतात. ते कधी दिसावं, कधी जावं आणि माहिती आलीच नाही तर त्याच्या जागी काय यावं, हे नीट बसवायला उरलेला दिवस लागतो. तुमच्या शेतकऱ्याची तक्रार या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

तरी सुरुवात चाकापासून करू. गिफ सोडून द्या. गिफमधल्या एका फ्रेमला साधारणपणे २५६ रंगच मिळतात, आणि ठिपका एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण पारदर्शक असतो, अधलंमधलं काही नाही. गोल कड गुळगुळीत दिसायला कडेचे ठिपके अर्धवट पारदर्शक लागतात. म्हणून तुमच्या पिवळ्या पार्श्वभूमीवर त्या चाकाभोवती पांढरी झालर दिसते. चित्र बदलून हे सुटणार नाही, तो त्या प्रकाराचाच गुण आहे.

त्याऐवजी सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारी भाषा, वापरा. तुम्हाला सीएसएस येतं हे प्रश्नावरून दिसतंय, म्हणून घडण शब्दांत सांगतो. एक रिकामा डिव्ह, म्हणजे पानावरचा चौकोनी डबा, घ्या, रुंदी आणि उंची ४० पिक्सेल. त्याला चारी बाजूंनी ४ पिक्सेलची फिकट बॉर्डर द्या, फक्त वरच्या बाजूच्या बॉर्डरला गडद रंग. बॉर्डर-रेडियस ५० टक्के केला की कडी तयार. कीफ्रेम्समध्ये, म्हणजे हालचालीच्या वर्णनात, एकच टप्पा लागतो: शेवटी ट्रान्सफॉर्ममध्ये ३६० अंशांचा रोटेट. मग हे अ‍ॅनिमेशन १ सेकंद, लिनिअर (एकसारख्या वेगाने), इन्फिनिट (न थांबता) असं लावा. झालं चाक. यासाठी तयार कोडची लायब्ररी आणू नका, दहा-बारा ओळींचं काम आहे.

या दहा-बारा ओळींत नवीन मुलं कुठे अडकतात ते मात्र सांगतो, कारण मी हे वर्षानुवर्षं बघतोय. लिनिअर लिहायचं राहिलं तर ब्राउझर आपणहून 'ईज' धरतो आणि चाक दर फेरीच्या शेवटी हळू होऊन पुन्हा उचल घेतं. डिव्हऐवजी स्पॅन, म्हणजे शब्दांच्या ओळीतच बसणारा घटक, घेतला तर तो फिरतच नाही, कारण साध्या इनलाइन घटकाला ट्रान्सफॉर्म लागू होत नाही, त्याला इनलाइन-ब्लॉक करावं लागतं. फ्लेक्सच्या, म्हणजे घटक शेजारी शेजारी मांडणाऱ्या, ओळीत जागा कमी पडली की चाक दबून अंड्यासारखं होतं, तिथे फ्लेक्स-श्रिंक शून्य करा. आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे चाक मधोमध आणायला ट्रान्सफॉर्ममध्ये ट्रान्सलेट उणे ५० टक्के लिहायचं आणि अ‍ॅनिमेशनमध्ये त्याच ट्रान्सफॉर्मला रोटेट द्यायचा. अ‍ॅनिमेशन सुरू झालं की ते आधीचा ट्रान्सफॉर्म पुसून टाकतं आणि चाक कोपऱ्याकडे सरकतं. मधोमध आणायचं काम बाहेरच्या डब्याला ग्रिडने किंवा फ्लेक्सने करू द्या. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये रोटेट ही स्वतंत्र प्रॉपर्टीही चालते, पण शेतकऱ्यांच्या हातात जुने फोन असतात, तेव्हा मी अजून बाहेरच्या डब्याचाच मार्ग धरतो.

आता तुमचं चाक थबकतं का. ब्राउझरमध्ये पानाचं बहुतेक काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतं. जावास्क्रिप्ट चालवणं, ओळींची जागा मोजणं, क्लिक ऐकणं, सगळं तिथेच. तुमच्याच दुकानातलं उदाहरण घ्या: एकच माणूस पोती तोलतोय आणि हिशोबाची पट्टीही लिहितोय. तोलायला मोठा माल आला की पट्टी थांबणारच. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तुम्ही शीटमधून तीन वर्षांचे भाव, आठ-नऊ हजार ओळी, एकदम आणता आणि एकाच लूपमध्ये टेबल बांधता. तेवढा वेळ चाक फिरवणाऱ्या सेट-इंटर्व्हलला, म्हणजे ठरावीक वेळाने कोड चालवणाऱ्या टायमरला, पाळीच मिळत नाही, आणि चाक ऐन कामाच्या वेळी थिजतं.

सीएसएसमधून फक्त ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी (किती ठळक किंवा पारदर्शक ते) हलवलं तर ब्राउझर ते काम सहसा वेगळ्या थ्रेडवर सोपवतो. पट्टी लिहायला दुसरा माणूस बसवल्यासारखं. मुख्य थ्रेड अडकला तरी चाक फिरत राहतं. रुंदी, लेफ्ट, टॉप किंवा बॉक्स-शॅडो हलवून केलेल्या लोडरला ही सवलत मिळत नाही. एसव्हीजी या रेषांच्या चित्रप्रकारातली लांबणारी-आखडणारी कडी, जी स्ट्रोक-डॅशऑफसेटने करतात, तिलाही नाही. ती कडी देखणी असते हे मान्य, पण पानावर जड काम चालू असेल तर मी ती वापरत नाही.

एक गोष्ट मात्र इथे बहुतेकांची सुटते. लोडर दाखवा असं सांगून पुढच्याच ओळीत जड लूप सुरू केलात तर लोडर दिसणारच नाही. तुमचं जावास्क्रिप्ट हात मोकळा करेपर्यंत ब्राउझर पडदा रंगवत नाही, आणि न रंगवलेलं चाक फिरणार कसं? म्हणून लोडर दाखवल्यावर रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम आणि त्याच्या आत पुन्हा एकदा तोच, असं करून मग काम सुरू करा. पहिला कॉल रंगवण्याच्या अगदी आधी येतो, दुसरा येईपर्यंत एक फ्रेम पडद्यावर गेलेली असते.

हे सगळं करूनही माझं मत असं की तुमचा दोष लोडरमध्ये नाही, आठ-नऊ हजार ओळींमध्ये आहे. सकाळी सात वाजता बागेतून फोन उघडणाऱ्या माणसाला राजापुरी हळदीचा आणि बेदाण्याचा ताजा भाव हवा असतो. त्या वीस-पंचवीस ओळी आधी आणा. जुने भाव ज्याला बघायचे त्याने 'मागचे भाव' वर बोट ठेवल्यावर आणा, आणि तेही पाचशे-पाचशे ओळींच्या तुकड्यांत. मोठी आकडेमोड असेल तर ती वेब वर्करमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या कोडमध्ये, टाका. माझ्याकडे आलेल्या पानांपैकी निम्म्यांत तरी असं आवरल्यावर लोडर जेमतेम क्षणभर दिसण्याइतकाच उरला.

आता लुकलुकणं. माणसं संगणक कसा वापरतात याचे अभ्यासक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले ढोबळ आकडे आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते लगेच आल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची लय तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. तुमच्या वायफायवर भाव २०० मिलिसेकंदांत येत असतील तर तिथे लोडर दाखवणं म्हणजे डोळ्यासमोर उगाच काहीतरी चमकवणं. त्यावर दोन बंधनं घाला. पहिल्या ३०० मिलिसेकंदांत तो दाखवायचा नाही. आणि एकदा दाखवला की निदान ४०० मिलिसेकंद ठेवायचा, नाहीतर ३१० व्या मिलिसेकंदाला माहिती आली तर पुन्हा लुकलुक. हे ३०० आणि ४०० माझ्या हाताला बसलेले आकडे आहेत, नियम नव्हे. तुमच्या फोनवर थोडे पुढेमागे करून बघा. पहिल्या बंधनाला जावास्क्रिप्टही लागत नाही: लोडरची ओपॅसिटी शून्य ठेवा आणि ती एकवर नेणाऱ्या अ‍ॅनिमेशनला ०.३ सेकंदांचा डिले द्या, फिल-मोड फॉरवर्ड्स, म्हणजे शेवटची स्थिती टिकून राहते.

आणि आता जतच्या शेतकऱ्याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर भाग तोच आहे. चाक फिरत राहतं याचा अर्थ तुमच्या कोडमध्ये लोडर घालवण्याची ओळ फक्त यशाच्या वाटेवर आहे. माहिती मागवणारं फेच यशस्वी झालं की ती चालते, नाही झालं तर कोणीच तिला हाक मारत नाही. लोडर घालवण्याचं काम फायनलीमध्ये ठेवा, म्हणजे यश असो वा अपयश, ते होणारच. शिवाय फेचच्या दोन सवयी ठाऊक असू द्या. सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) असं उत्तर दिलं तरी फेच त्याला चूक मानत नाही, तुम्हाला रिस्पॉन्सचं 'ओके' स्वतः तपासावं लागतं. आणि तुम्ही मर्यादा घातली नाही तर फेच स्वतःहून लवकर हार मानत नाही. शिवारात नेटची एकच काडी असेल तर विनंती अर्ध्यात लटकते आणि तशीच लटकून राहते. अबॉर्ट-कंट्रोलर लावून वेळ संपली की ती तोडा. किती वेळ द्यायचा हे पानावर अवलंबून आहे. तुमच्या छोट्या यादीला मी १२ ते १५ सेकंद देईन, फोटो चढवायचे असते तर बरेच जास्त दिले असते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय त्याला कारण आहे. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला. आमचं जुनं घर गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे सांगलीत लहान पोरांनाही पाठ असतं. गल्लीतल्या लोकांसाठी मी एक छोटं पान केलं होतं. जाहीर होणारी पातळी आमच्यातला एकजण शीटमध्ये भरायचा आणि पान दर काही मिनिटांनी नवा आकडा मागायचं. मागताना अख्ख्या पानावर पांढरा पडदा आणि मधोमध चाक. रात्री दीडच्या सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला, "अरे, पाणी चढलंय का उतरलंय काही कळंना, नुसतं चाक फिरतंय. सामान माडीवर न्यायला लागू का?" वीज गेली होती, रेंज तुटक होती आणि विनंती लटकली होती. पण अर्ध्या तासापूर्वीचा आकडा त्यांच्या फोनमध्ये होता, माझ्या पडद्याखाली झाकलेला. मी त्यांना तो फोनवर वाचून दाखवला आणि त्याच रात्री पान बदललं.

तेव्हापासून हातात जुनी माहिती असेल तर मी लोडरने ती झाकत नाही. जुना आकडा जागेवर ठेवायचा, त्याच्याखाली तो कधीचा ते लिहायचं आणि शेजारी छोटं १६ पिक्सेलचं चाक. नवा आकडा आला तर बदलायचा. नाही आला तर चाक जातं आणि 'नवी माहिती मिळाली नाही, ही रात्री १ ची आहे' अशी ओळ येते. पूर्ण पडदा मी फक्त तिथे वापरतो जिथे माणसाने मध्येच दुसरं काही दाबलं तर नुकसान होईल, उदाहरणार्थ पैसे भरताना.

तुमच्या पानाला हे थेट लागू आहे. शेवटचे आलेले भाव लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे फोनच्या ब्राउझरमधल्या साठवणीत, ठेवा आणि पान उघडताच ते दाखवा. पण तारीख आणि वेळ ठळक लिहा, भावापेक्षा बारीक अक्षरात नको. कालच्या भावाला आजचा समजून कोणी टेम्पो भरून माल काढला तर तो तोटा खरा असतो. अपयशाच्या ओळीत 'काहीतरी चुकलं' असं लिहू नका. नेट नसेल तर नेट नाही म्हणा, शीट उत्तर देत नसेल तर भाव अजून आले नाहीत म्हणा, 'पुन्हा बघा' असं बटण द्या आणि दुकानाचा नंबर द्या. तो माणूस फोन लावून भाव विचारेल, त्याचं काम अडणार नाही.

टक्के दाखवणारी पट्टी लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत 'गाडी येतीय' एवढंच उत्तर मिळालं की माणूस चुळबुळतो. 'पुण्याची गाडी आष्ट्यात आहे' असं कळलं की तो चहा घेऊन येतो. संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली केलेल्या अभ्यासातही प्रगती दाखवणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते असंच निघालं होतं. पण गाडी आष्ट्यात आहे हे खिडकीतल्या माणसाला खरोखर माहीत हवं. फोटो चढवताना ते कळतं, माहिती पाठवणाऱ्या एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्टच्या अपलोडमधली प्रोग्रेस घटना किती बाइट गेले ते सांगते. उतरवताना ते फसवं असतं: सर्व्हरने माहिती दाबून, म्हणजे जीझिप करून पाठवली तर कंटेंट-लेंग्थ (सर्व्हरने सांगितलेली लांबी) दाबलेल्या मालाची असते आणि तुम्ही मोजता तो उलगडलेला माल. मग पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे जाते. काहीजण टायमरवर ९० टक्क्यांपर्यंत पट्टी सरकवतात आणि तिथे थांबवतात. तसं करू नका. माहीत नसेल तर साधं चाक दाखवा, ते निदान खोटं बोलत नाही.

राखाडी ठोकळ्यांचा सांगाडा, ज्याला स्केलेटन म्हणतात, तो पहिल्यांदाच पान उघडणाऱ्यासाठी चांगला आहे, कारण टेबल कुठे येणार ते आधीच ठरतं आणि भाव आल्यावर पान उडी मारत नाही. तुमच्याकडे जुने भाव साठवलेले असतील तर तो एकदाच दिसेल. तेवढ्यासाठी करायचा की नाही ते तुमच्या वेळेवर आहे.

आणखी काही बारीक गोष्टी. लोडरच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स दिला असेल तर हिडन लिहून तो लपत नाही, तुमचा नियम ब्राउझरच्या नियमावर मात करतो. हिडन असताना डिस्प्ले नन अशी एक ओळ वेगळी लिहावी लागते. भाव आणि हवामान अशा दोन विनंत्या एकाच लोडरवर असतील तर मोजणी ठेवा: सुरू झाली की एक वाढवा, संपली की एक कमी करा, शून्य झाल्यावरच लपवा. बाहेरच्या दुव्यावर जाताना लोडर दाखवत असाल तर मागे येणाऱ्याला तो अजून फिरताना दिसू शकतो, कारण ब्राउझर पान जसंच्या तसं आठवणीतून परत आणतो. पान पुन्हा दिसताना येणाऱ्या पेजशो घटनेत लोडर लपवा. आणि अगदी पहिल्या लोडरची सीएसएस त्याच एचटीएमएलमध्ये वरच लिहा. वेगळ्या फाइलमध्ये ठेवली तर ती फाइल येईपर्यंत दाखवायला लोडरच नसतो.

ज्यांना चाक दिसत नाही त्यांच्यासाठीही काही करा, हे मी विनंती म्हणून सांगतो. चाकाला एरिया-हिडन द्या आणि शेजारी रोल स्टेटस असलेला एक डबा पान उघडल्यापासून रिकामा ठेवा. काम सुरू झालं की त्यात 'भाव येत आहेत' लिहा, संपलं की 'भाव आले'. डबा आधीपासून असला तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो बदल भरवशाने वाचतो, मागून घातलेला डबा अनेकदा वाचला जात नाही. काही लोकांना फिरत्या गोष्टींनी गरगरतं. त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलेलं असतं आणि ते प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशनमधून तुम्हाला कळतं. त्यांच्यासाठी चाक नुसतं थांबवू नका, थांबलेलं चाक बिघडल्यासारखं दिसतं. चाक काढून तेच शब्द दाखवा, हवं तर ओपॅसिटी सावकाश कमीजास्त करा.

एवढं बसवलंत की क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट संथ करून आणि सीपीयू सहापट हळू करून बघा, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर कधीच न दिसणारं थबकणं दिसेल. मग फोन वडिलांच्या हातात द्या. पान उघडा आणि भाव येत असतानाच फ्लाइट मोड लावा. नंतर फ्लाइट मोड तसाच ठेवून 'पुन्हा बघा' दाबा, म्हणजे काहीच येणार नाही. दोन्ही वेळा त्यांना काही समजावून सांगू नका. पडद्यावरचा भाव कधीचा आहे आणि नवा आला की नाही, एवढंच विचारा. ते पडद्याकडे बघून सांगू शकले तर पान जतला पाठवायला तयार आहे. नाही सांगता आलं तर ते नेमके कोणत्या ओळीवर अडले ते इथे लिहा, त्या ओळीचे शब्द आपण मिळून ठरवू.